डाव्या हाताचं काम

१९५४ साली ‘नागिन’ प्रदर्शित झाला आणि त्यातल्या बीनने देशाला वेड लावलं. संगीत हेमंतकुमारांचं होतं. पण ती बीन म्हणजे खरी बीन नव्हे. कल्याणजी वीरजी शहा यांनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या एका छोट्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती आणि तिला हेमंतकुमारांचे सहायक रवी यांच्या हार्मोनियमची जोड होती. दोघेही पुढे स्वतः मोठे संगीतकार झाले. लग्नाच्या वरातीत आजही बँडवाले ती धून धरतात, कुणीतरी रुमालाचं टोक दातांत पकडून गारुडी होतो आणि दुसरा रस्त्यावर लोळून नाग होतो. पुंगी जवळून ऐकण्याचा योग ज्यांना कधी आलाच नाही, त्यांच्या कानात पुंगीचा आवाज म्हणून हाच आवाज बसला आहे.

कीबोर्डवर दुसऱ्या वाद्यांचा भास कसा निर्माण करायचा, तोही रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर, हा या पुस्तकाचा विषय. त्याची सुरुवात ‘नागिन’पासून करण्यामागे कारण आहे. ज्या वाद्यावर ही किमया झाली ते आज मुलांना वाढदिवसाला मिळणाऱ्या कीबोर्डपेक्षाही गरीब होतं. फ्रान्समध्ये काँस्तां मार्तां यांनी १९४७ साली तयार केलेलं क्लॅव्हायोलिन निर्वात नळ्यांवर चालायचं. एका वेळी एकच स्वर निघायचा. आवाजाची जात बदलायला काही खटके होते आणि आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने ढकलायचा एक दांडा. पुंगीचा ध्वनिमुद्रित नमुना त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता.

मग ती बीन पटली कशी? पुंगीवाला गालात हवा धरून नाकाने श्वास घेत राहतो, भोपळ्यातही हवा साठलेली असते, त्यामुळे सूर कुठे तुटत नाही. तोच स्वर पुन्हा घ्यायचा तर शेजारच्या स्वराला बोटाने निसटता स्पर्श करून परत यावं लागतं. चाल थोड्या स्वरांच्या परिघात फिरते. ‘नागिन’ची धून या दृष्टीने पुन्हा ऐका. सुरांची साखळी अखंड आहे, एकाच स्वराच्या पुनरावृत्तीत छोटे कण आहेत आणि धून आपला परिघ सोडत नाही. क्लॅव्हायोलिनची एकच स्वर देण्याची मर्यादा पुंगीच्या स्वरनळीच्या मर्यादेवर नेमकी बसली, आणि बाकीचं काम कल्याणजींच्या बोटांनी केलं.

या पुस्तकात मला जे सांगायचं आहे ते यात जवळजवळ सगळं आलं. वाद्य ओळखू येतं ते त्याच्या आवाजामुळे, हे खरंच आहे. पण त्याहून जास्त ते ओळखू येतं त्याला काय जमत नाही यावरून. बासरीवाल्याला श्वास घ्यावा लागतो. सतारीचा छेडलेला स्वर पुढे मोठा करता येत नाही. व्हायोलिनचा गज संपतो, मग दिशा बदलावी लागते. गिटारच्या सहा तारांवर हात एकाच क्षणी पडत नाही. कीबोर्डला यातलं कुठलंच बंधन नाही, आणि नक्कल फसते ती या मोकळेपणामुळे. ज्या वाद्याचा भास करायचा त्याची बंधनं वाजवणाऱ्याने आपण होऊन अंगावर घ्यायची असतात.

आपल्याकडे हा विषय वाटतो तितका नवा नाही. मराठी संगीत नाटकाने पायपेटी म्हणजे ऑर्गन आणि हार्मोनियम ही परदेशातून आलेली पट्ट्यांची वाद्यं आपलीशी केली. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे अशी साथ असायची. गळ्यासारखी वळणारी सारंगी आणि ठरलेल्या स्वरांवर उभा असलेला ऑर्गन एकाच बाल गंधर्वांच्या मागे बसलेले होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पट्टीच्या वाद्यात मींड नाही, दोन स्वरांच्या मधली जागा त्याला दिसत नाही, हा आक्षेप तेव्हापासूनचा. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दार बंद केलं. ते पुन्हा किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं.

आक्षेप खोटा नव्हता. त्याला उत्तर मात्र गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्या वादनाने दिलं. मींड वाद्यात नाही, म्हणून त्यांनी ती ऐकणाऱ्याच्या कानात तयार केली. पुढच्या स्वरावर जाण्याआधी एक निसटता कण, मागचा स्वर सुटण्याची नेमकी वेळ आणि या सगळ्याखाली डाव्या हातातला भाता. भात्याचा दाब सूर फुलवतो, मिटवतो, ओळ संपली की श्वास सोडल्यासारखा मोकळा होतो. उत्तम पेटीवाल्याचा डावा हात उजव्याइतकाच गात असतो.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला तेव्हा भाता गेला, आणि बहुतेक वादकांचा डावा हात नुसता कॉर्ड धरून बसला. वास्तविक भात्याचं काम करणारी साधनं वाद्यात दिलेली आहेत. डाव्या बाजूला स्वर वरखाली ओढणारं पिच बेंडचं चाक आहे, त्याच्याशेजारी कंप देणारं मॉड्युलेशनचं चाक आहे, पायाखाली व्हॉल्यूमचं किंवा एक्स्प्रेशनचं पेडल जोडता येतं. रोलँड आणि कोर्गच्या बऱ्याच कीबोर्डांवर दोन चाकांऐवजी एकच दांडी असते: आडवी ढकलली की स्वर सरकतो, पुढे ढकलली की कंप येतो. आडव्या हालचालीने मींड काढणारा हात आणि चाक पुढेमागे फिरवून काढणारा हात यांच्या सवयी वेगळ्या असतात. दुसऱ्याच्या कीबोर्डवर ऐनवेळी बसणाऱ्याला हे पहिल्याच मुखड्यात कळतं. एकल वाद्याचा पीस वाजवताना डावा हात मोकळा ठेवणं ही माझ्या शिकवण्यातली पहिली अट आहे. कॉर्ड दुसऱ्या कुणी धराव्यात, किंवा तेवढ्या चार मात्रा कॉर्डशिवाय जाऊ द्याव्यात. काही बिघडत नाही.

तंत्राचा इतिहास मी पुढे एका स्वतंत्र प्रकरणात दिला आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन आला. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्याचा आवाज भरलेली टेपची एक पट्टी असायची. स्वर साधारण आठ सेकंद टिकायचा, मग टेप संपायची. बीटल्सच्या १९६७ च्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ची सुरुवात करणाऱ्या बासऱ्या याच वाद्याच्या आहेत. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ आला. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीवर तो चालायचा आणि घंटा, इलेक्ट्रिक पियानो असे आघाताचे आवाज त्यातून झळाळून निघायचे. त्याच वर्षी मिडी आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. पट्टी किती वेगाने दाबली गेली याची नोंद मिडी ० ते १२७ अशा अंकांत करतं. एका फुंकरीच्या असंख्य छटा आपण एवढ्याशा शिडीवर बसवतो, हे वाजवताना ध्यानात असलेलं बरं.

थांबावंसं वाटतं ते १९८७ च्या रोलँड डी-५० पाशी. तेव्हा कीबोर्डमधली स्मृती महाग होती, अख्खं वाद्य ध्वनिमुद्रित करून आत ठेवणं परवडत नव्हतं. रोलँडच्या अभियंत्यांनी स्वराची फक्त सुरुवात खऱ्या वाद्याची घेतली: फुंकर, गजाचा पहिला घास, तारेवरचा आघात. पुढचा लांबलेला भाग यंत्राने तयार केला. आणि कानाने ते मान्य केलं. यामागचं तत्त्व फ्रान्समध्ये पिएर शेफेर यांच्या हाती १९४८ च्या सुमारासच लागलं होतं. घंटेच्या ध्वनिमुद्रणातून त्यांनी सुरुवातीचा टोला काढून टाकला, तर उरलेला नाद घंटेचा वाटेनासा झाला. वाद्याची ओळख स्वराच्या पहिल्या क्षणात दडलेली असते.

यातून रंगमंचावरच्या वादकाने घ्यायचा धडा मात्र उलट्या दिशेचा आहे. कीबोर्डवर प्रत्येक पट्टी दाबली की तो पहिला क्षण पुन्हा वाजतो. पाच स्वरांची ओळ वाजवली तर बासरीला पाच वेळा फुंकर मारल्यासारखं होतं. खरा बासरीवाला ओळीच्या सुरुवातीला फुंकर देतो आणि पुढचे स्वर बोटांनी काढतो. टोन कितीही महागडा असो, या एका गोष्टीने तो उघडा पडतो. उपाय वाद्यातच असतो. टोन मोनो आणि लेगॅटोवर ठेवायचा, म्हणजे पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली तर आघात पुन्हा येत नाही. त्यासाठी बोटांना स्वर एकमेकांवर किंचित चढवून वाजवायची सवय लावावी लागते. पियानो शिकून आलेल्यांना हे जड जातं, पेटीवरून आलेल्यांना लवकर जमतं.

बासरीचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठं आहे, कारण आपल्या गाण्यांत तिच्याशिवाय पान हलत नाही. सहाही छिद्रं बंद केली की बासरीवर पंचम निघतो. एकेक बोट उचलत गेलं की धैवत, निषाद, षड्ज, रिषभ, गंधार, आणि सगळी मोकळी केली की तीव्र मध्यम. पुढचा पंचम हवा तर सगळी बोटं पुन्हा एकदम ठेवून फुंक बदलावी लागते. म्हणजे षड्जावरून गंधारापर्यंत बोट घसरवत सुंदर मींड घेता येते, पण मध्यमावरून पंचमावर जाताना वाटेत उंबरठा आहे. पन्नालाल घोष यांनी मोठ्या बासरीला तीव्र मध्यमासाठी सातवं छिद्र जोडलं ते या भागातली अडचण सोसून. कीबोर्डवाला चाक फिरवून मध्यम-पंचम लोण्यासारखा जोडतो तेव्हा बासरीवाल्याच्या कानाला ते ताबडतोब खटकतं. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण खोटेपणा त्यालाही जाणवतो. श्वासाचंही तसंच. ओळ वाजवताना तोंडाने हळूच फुंकत राहा. तुमचा श्वास जिथे संपेल तिथे सूर सोडा.

सतारीचा नियम त्याहून सोपा आणि त्याहून जास्त मोडला जाणारा. पडद्यावर तार आडवी ओढली की स्वर चढतो. ओढून तो उतरवता येत नाही. उतरती मींड हवी तर सतारिया तार आधी ओढून धरतो, मग छेडतो आणि सोडत खाली येतो. कीबोर्डवरही हेच करायचं: खालच्या स्वराची पट्टी, चाक आधी वर, आघात, मग चाक हळूहळू मधोमध. पट्टीवरचा स्वर चाकाने खाली ढकलला तर सतार तिथेच मरते. शिवाय आघातानंतर स्वर विरत जातो, त्यामुळे पेडलने त्याला मागून फुगवायचं नाही. ‘कोहिनूर’मध्ये १९६० साली उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांची सतार आहे. ‘मधुबन में राधिका नाचे रे’ वाजवायला बसण्याआधी ती निव्वळ या कानाने ऐकावी: कुठली मींड चढती आहे, कुठली आधी ओढलेली आहे, चिकारीचे ठोके कुठे पडतात.

संतूरबद्दल फार लिहिलेलं नाही. दोन कलमांनी तारांवर टकोरे देणारं हे वाद्य पट्टीच्या वाद्याला मुळातच जवळचं आहे. एका क्षणी दोनांहून अधिक स्वर घेऊ नयेत एवढं पाळलं तरी बरंच साधतं.

गिटारचं तसं नाही. झंकारत्या ऱ्हिदम गिटारचा टोन लावून उजव्या हाताने तीन बोटांची कॉर्ड दाबली की गिटारचा पोशाख केलेला पियानो ऐकू येतो. ई मेजरच्या मोकळ्या पकडीत सहा तारांवर ई, बी, ई, जी शार्प, बी, ई असे स्वर असतात आणि ते दोन सप्तकांत पसरलेले असतात. डाव्या हाताला खालचे तीन, उजव्याला वरचे तीन. खाली जाणाऱ्या झटक्यात खर्जाकडून वर, परतीच्या झटक्यात वरून खाली, आणि परतीच्या वेळी अनेकदा वरच्याच तीन-चार तारा. स्वरांमधलं अंतर इतकं कमी की कानाला ते वेगळे मोजता येऊ नयेत, पण एकदम पडलेलेही वाटू नयेत. इथे दोन्ही हात गुंततात, चाक विसरावं लागतं.

सनईबद्दल मला भीती वाटते आणि ती मी लपवत नाही. बोटं छिद्रांवर घसरतात, ओठांचा पत्तीवरचा दाब बदलतो, आणि दोन स्वरांच्या मधला सगळा प्रदेश गाऊ लागतो. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांची सनई किंवा ‘गूंज उठी शहनाई’तली उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई ऐकल्यावर कीबोर्डवरून तिच्या वाटेला जाऊ नये असं वाटतं. तरीही लग्नाचं गाणं आलं की कीबोर्डवाल्यालाच तो पीस वाजवावा लागतो. मी एवढंच सुचवतो की ओळ लहान ठेवावी, चाकाची मर्यादा दोन अर्धस्वरांवर बांधावी आणि कंप स्वराच्या सुरुवातीपासून न देता तो स्थिरावल्यावर द्यावा. व्हायोलिनच्या अनेक टोनांत तर कंप आधीच भरून ठेवलेला असतो. एकच नमुना शेजारच्या दोन-तीन पट्ट्यांवर ताणलेला असतो, त्यामुळे वरच्या पट्टीवर तो कंप जलद होतो आणि खालच्यावर मंद. शक्य असेल तिथे कंप नसलेला टोन निवडावा आणि तो आपल्या हाताने द्यावा.

स्वरांच्या जागांचा प्रश्न उरतोच. कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार ३८६ च्या आसपास. चौदा सेंटचा हा फरक नाचाच्या गाण्यात कुणाला जाणवणार नाही, पण संथ भावगीताच्या सुरुवातीला बासरीचा गंधार लांबवला की कानाला बोचतो. अनेक कीबोर्डांवर प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे थोडा उतरवण्याची सोय असते. अरबी संगीतातल्या पाव स्वरांसाठी ती देतात, आपणही वापरावी. अभिजित पोहनकर यांनी कीबोर्डवर रागसंगीत मांडलं आहे. या वाद्यावर रागाचा विचार होऊच शकत नाही असं म्हणणाऱ्यांनी ते आधी ऐकावं.

हे सगळं खोलीत बसून साधणं वेगळं आणि गणेशोत्सवाच्या मांडवात तीन तासांच्या कार्यक्रमात साधणं वेगळं. गायिका ऐनवेळी सांगते, आज काळी चारऐवजी काळी दोन. ट्रान्सपोजचं बटण दाबलं की काम झालं असं वाटतं, पण बोटांखालचे स्वर तेच राहून वाद्य खाली सरकलेलं असतं, आणि बासरीचा खालचा स्वर असा निघतो जो त्या बासरीवर नाहीच. त्यामुळे प्रत्येक पीसचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर वहीत लिहून ठेवावा. मुखड्याला सतार, पहिल्या अंतऱ्याआधी व्हायोलिनचा ताफा, दुसऱ्याआधी अ‍ॅकॉर्डियन, असे बदल एका गाण्यात येतात. ते टोन वाजण्याच्या क्रमाने लावून ठेवले तर गाण्यात बटणं शोधावी लागत नाहीत. टोनमध्ये आधीच भरलेला रिव्हर्ब, त्यावर मिक्सरवाल्याचा रिव्हर्ब आणि त्यावर मांडवाच्या पत्र्याचा घुमारा, यात स्वराचा तो मोलाचा पहिला क्षण बुडून जातो. कीबोर्डचा रिव्हर्ब काढून टाकावा आणि उरलेला ध्वनिव्यवस्थेवर सोडावा. ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या कल्लोळात आपली बारीक मींड ऐकू जाणार नाही म्हणून ती सोडून देणारेही मी पाहिले आहेत. ती घ्यावीच. पहिल्या रांगेतल्या एखाद्या कानापर्यंत ती पोचते.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट लिहिणं मला भाग आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात एकेकाळी गोव्याहून आलेले व्हायोलिनवादक, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवादक मोठ्या संख्येने होते. गाण्यांतले ताफे त्यांनी उभे केले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संयोजकांचा त्यात मोठा वाटा होता. केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी सिंथेसायझर आणला तो नव्या रंगांच्या ओढीने. तेच केरसी लॉर्ड १९६९ च्या ‘आराधना’त ‘रूप तेरा मस्ताना’साठी अ‍ॅकॉर्डियन घेऊन बसले होते. पण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ध्वनिमुद्रणाची पद्धत बदलली, कीबोर्ड स्वस्त झाला, आणि ज्या खुर्च्यांवर माणसं बसायची त्या रिकाम्या होत गेल्या. आपण ज्या कलेत निपुण व्हायला निघालो आहोत तिने कुणाची तरी भाकरी घेतली आहे. हे मान्य केल्याशिवाय हा विषय शिकवणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

तालुक्याच्या गावी कार्यक्रम करणाऱ्या वाद्यवृंदाला बारा व्हायोलिनवादक नेता येत नाहीत, हेही तितकंच खरं. तिथे कीबोर्ड नसेल तर ते गाणंच होत नाही. माझी भूमिका अशी आहे: गावात बासरीवाला असेल तर त्याला बोलवावं, त्याचं मानधन अंदाजपत्रकात आधी धरावं, आणि तो मंचावर असताना बासरीचा टोन लावू नये. त्याच्या पीसखाली हलके स्वर धरून बसण्यात कमीपणा नाही. तालमीत त्याच्या शेजारी बसायला मिळालं तर श्वास कुठे घेतो, कुठला स्वर टाळतो, थकल्यावर ओळ कशी लहान करतो, हे पाहून घ्यावं. कुठल्याही पुस्तकातून ते इतकं नीट कळणार नाही.

प्रकरणं वाद्यांनुसार आहेत आणि कुठूनही वाचता येतील. प्रत्येकात आधी ते वाद्य कसं वाजतं याचं वर्णन आहे, नंतर कीबोर्डवर काय करायचं ते आणि शेवटी सरावाच्या ओळी. कीबोर्डच्या कंपन्या आणि मॉडेलं बदलत राहतात, त्यामुळे बटणांची नावं मी कमीत कमी दिली आहेत. तुमच्या वाद्यात मोनो-लेगॅटो, बेंडची मर्यादा आणि स्वर उतरवण्याची सोय कुठे आहे, एवढं त्याच्या माहितीपुस्तिकेत शोधून ठेवा. सरावाच्या सगळ्या ओळी पांढरी एकमध्ये लिहिल्या आहेत, आणि बासरीच्या पहिल्या दहा ओळींत उजव्या हाताचं एकच बोट वापरायचं आहे. स्वर बदलायचं बाकी सगळं काम तिथे डाव्या हाताने, चाकावर करायचं.